हेमलॉक गेल्यानंतरचे ओढे : स्मोकी पर्वतांतील प्रवास

अटलांटा आणि शार्लटच्या परिसरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना नॉर्थ कॅरोलिना आणि टेनेसी राज्यांच्या सीमेवरचे ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यान नवे नाही. जोडून सुट्टी आली की निम्मी ओळखीची मंडळी तिकडे निघालेली असतात. आम्ही यंदा जूनच्या सुरुवातीला तिथे गेलो, तो बेत मात्र मुख्यतः लहान ओढे पाहण्याचा होता. दोडामार्ग तालुक्यातल्या शाळेत अनेक वर्षे विज्ञान शिकवून निवृत्त झालेले माझे मामा, आणि मामी, उन्हाळ्यासाठी आमच्याकडे आले होते. या डोंगरांत एकाच जातीची झाडे मोठ्या प्रमाणात मेल्यामुळे ओढ्यांतील जीवसृष्टी बदलत आहे, हे मी त्यांना फोनवर सांगितले होते आणि त्यांनी तेव्हाच "ते मला दाखव" असे सांगून ठेवले होते.

हे झाड म्हणजे ईस्टर्न हेमलॉक. सॉक्रेटिसला दिलेल्या विषारी वनस्पतीशी याचा संबंध नाही. हा सदाहरित, सूचिपर्णी, सावलीत सावकाश वाढणारा आणि कित्येक शतके जगणारा वृक्ष आहे. दक्षिण ॲपलॅचियन डोंगरांत (स्मोकी हा त्यांचाच भाग) तो विशेषतः ओढ्यांच्या काठाने आणि ओलसर घळींत वाढतो. १९५१ मध्ये व्हर्जिनियातील रिचमंडजवळ त्याच्यावर एक परका कीटक सापडला. माव्याच्या नात्यातला हा जपानी कीटक दीड मिलिमीटरहूनही लहान असतो, सुयांच्या बुडाशी बसून रस शोषतो आणि स्वतःभोवती कापसासारखे पांढरे मेणाचे आवरण तयार करतो. इथे त्याच्या सर्व माद्या नराविना अंडी घालतात आणि वर्षाला दोन पिढ्या निघतात. जपानमधल्या हेमलॉकांना त्याची सवय आहे. पूर्व अमेरिकेतल्या झाडांना नाही. २००२ मध्ये तो स्मोकी उद्यानात आढळला आणि त्यानंतरच्या काही वर्षांतच दऱ्याच्या दऱ्या करड्या झाल्या.

पहिला दिवस : ऑटो गावाजवळची कोवीटा प्रयोगशाळा

अटलांटाहून उत्तरेला जाताना लागणारा ४४१ क्रमांकाचा रस्ता क्लेटन सोडल्यावर डोंगरांत शिरतो. तिथून पुढे रस्त्याच्या कडेला उकडलेल्या शेंगांचे ठेले लागतात. मोठ्या पातेल्यात मिठाच्या पाण्यात तासन्‌तास शिजणाऱ्या भुईमुगाच्या शेंगा पाहून मामींनी गाडी थांबवायलाच लावली. ठेलेवाल्या आजोबांनी त्यांना आधी चव पाहायला दोन शेंगा दिल्या, मग मोठा कागदी पेला भरून दिला. मामींच्या मते मीठ किंचित जास्त होते, पण दाणा आपल्यासारखाच मऊ शिजलेला होता. तो पेला ऑटो येईपर्यंत संपला.

कोवीटा जलविज्ञान प्रयोगशाळा ही अमेरिकी वनखात्याची १९३४ पासून चालू असलेली संशोधनभूमी आहे. सुमारे २,२०० हेक्टर जंगलात अनेक छोटी पाणलोट क्षेत्रे आखलेली आहेत आणि त्यांच्या तोंडाशी व्ही आकाराची खाच असलेले छोटे बांध बांधून त्यांवरून वाहणाऱ्या पाण्याची सतत नोंद ठेवली जाते. हे सहलीचे ठिकाण नव्हे. कामकाजाच्या दिवशी, आधी कळवून जावे आणि उपकरणांना हात लावू नये. आम्ही आगाऊ पत्रव्यवहार केला होता, त्यामुळे तिथल्या एका तरुण तंत्रज्ञाने आम्हाला तास-दीड तास दिला.

मामांचा पहिला प्रश्न सरळ होता (व्हाळ म्हणजे त्यांच्याकडचा ओढा). "झाडं मेली तर व्हाळाचं पाणी वाढायला हवं ना? पिणारं झाडच गेलं."

तंत्रज्ञाला मी तो प्रश्न इंग्रजीत सांगितला, तेव्हा तो खुलला, कारण याच प्रश्नावर तिथे अनेक वर्षे काम झाले आहे. हेमलॉक सदाहरित असल्यामुळे ओक आणि मेपल यांची पाने झडलेली असतात त्या हिवाळ्यात आणि वसंताच्या आरंभीही तो जमिनीतले पाणी ओढत असतो. कोवीटातील मोजमापांवरून केलेल्या अंदाजानुसार, हेमलॉक मेल्यावर अशा जंगलाचे वार्षिक बाष्पोत्सर्जन सुमारे १० टक्क्यांनी, पण हिवाळा आणि वसंत यांतले सुमारे ३० टक्क्यांनी घटते. म्हणजे सुरुवातीला पाणी वाढते खरे, पण ते भलत्याच वेळी, जेव्हा ओढा आधीच भरलेला असतो. पुढे रिकाम्या जागेत बर्चसारखी पानझडी झाडे वाढू लागली की गणित उलटते, कारण बर्च ऐन उन्हाळ्यात हेमलॉकपेक्षा जास्त पाणी पितो आणि ओढा सर्वांत क्षीण असतो तेव्हाच त्याच्या वाट्याचे पाणी कमी होते. मामांनी हे वहीत लिहून घेतले.

त्याहून मला भावला तो पालापाचोळ्याचा जुना प्रयोग. १९९३ मध्ये संशोधकांनी इथल्या एका लहानशा ओढ्यावर जाळे ताणले, आणि पाने वरून किंवा काठावरून घरंगळूनही पाण्यात पडणार नाहीत अशी व्यवस्था केली. ही व्यवस्था काही वर्षे राखली. नंतर पाण्यातल्या काटक्या आणि ओंडकेही काढले. ओढ्याचे पाणी स्वच्छच होते, त्यात कोणतेही विष मिसळलेले नव्हते. तरीही पाने खाणाऱ्या कीटकांची संख्या कोसळली, त्यांच्यावर जगणारे शिकारी कीटक घटले, आणि पाण्यातल्या सॅलॅमँडरच्या, म्हणजे पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचराच्या, पिल्लांची वाढही मंदावली. दाट सावलीतल्या लहान ओढ्यात शेवाळ फारसे वाढत नाही, तिथे ऊन पोचतच नाही. त्यामुळे त्या ओढ्याचे अन्न जवळजवळ सगळे काठावरच्या झाडांकडून येते. आधी बुरशी आणि जिवाणू पानांवर बसतात, मग स्टोनफ्लाय आणि कॅडिसफ्लाय या कीटकांच्या पाण्यात वाढणाऱ्या अळ्या ती मऊ झालेली पाने कुरतडतात, त्यांचा चुरा खाली वाहत जातो, तो गाळून खाणारे दुसरे कीटक पुढच्या दगडांवर वाट पाहत असतात, आणि या सगळ्यांवर मासे जगतात.

हे ऐकल्यानंतर ओढ्याकडे पाहण्याची आमची दृष्टीच पालटली. बांधाच्या खालच्या बाजूला उथळ पाण्यात कॅडिसफ्लायच्या अळ्या दिसल्या. वाळूचे कण आणि पानांचे तुकडे स्वतःच्या रेशमाने जोडून त्यांनी आपापली घरे बांधली होती. मामी बराच वेळ वाकून त्यांच्याकडे पाहत होत्या.

मुक्काम फ्रँकलिनला केला. गावात शाकाहारी जेवणाचे पर्याय थोडे आहेत, पण उकडलेले पिंटो बीन्स, मक्याचा ब्रेड आणि तळलेले भेंडीचे तुकडे जवळजवळ सगळीकडे मिळतात. शाकाहारी असाल तर बीन्समध्ये डुकराचे मांस घातले आहे का, हे आधी विचारा. डोंगरातल्या जुन्या पद्धतीत ते बहुधा असते.

दुसरा दिवस : जॉइस किल्मर स्मृतिवन

फ्रँकलिन ते रॉबिन्सव्हिल आणि तिथून पुढे लिटल सँटीटला ओढ्यापर्यंतचा रस्ता वळणावळणाचा आहे. गाडी लागणाऱ्यांनी सकाळी पोटभर खाऊ नये. पहिल्या महायुद्धात मारल्या गेलेल्या एका कवीच्या स्मरणार्थ १९३६ मध्ये राखून ठेवलेले हे सुमारे ३,८०० एकरांचे जंगल आहे, आणि लाकूडतोडीतून वाचलेल्या पूर्व अमेरिकेतल्या मोजक्या मूळ जंगलांपैकी ते एक मानले जाते. ट्यूलिप पॉप्लरचे इथले बुंधे वीस फुटांहून अधिक घेराचे आहेत. दोन मैलांच्या आठ आकाराच्या वाटेवर कोणीही सावकाश फिरू शकतो.

एकेकाळी या वाटेच्या दोन्ही बाजूंना अवाढव्य हेमलॉक उभे होते. ते मेले, आणि वाळलेली झाडे वाटेवर कोसळण्याचा धोका निर्माण झाला. मूळ जंगलात करवत चालवून सपाट बुंधे मागे ठेवणे वनखात्याला योग्य वाटेना, म्हणून २०१० मध्ये त्यांनी सुरुंग लावून ती झाडे पाडली, जेणेकरून खोड वादळाने मोडल्यासारखे फाटलेले दिसावे. आजही वाटेच्या कडेला ते उंच, तंतू-तंतू झालेले खुंट उभे आहेत. त्यांच्यावर शेवाळ आणि नेचे उगवले आहेत. माहिती नसेल तर ते वादळाचेच काम वाटेल. त्यातल्या एका खुंटाचा घेर मामांनी कवेत घ्यायचा प्रयत्न केला. दोघांचे हात लागले असते.

लिटल सँटीटलाच्या पाण्यात आडवे पडलेले हेमलॉकचे ओंडके जागोजाग दिसतात. अशा ओंडक्यांमुळे पाणी अडते, मागे डोह तयार होतो, पाने त्यात थबकतात, खडी साचते आणि माशांना पुरातही आसरा मिळतो. हेमलॉकचे लाकूड पाण्यात फार सावकाश कुजते, म्हणून आज ओढ्यात लाकडाची रेलचेल आहे आणि वरवर पाहता हे चित्र चांगलेच वाटते. पण ही जुनी ठेव आहे. आता मेलेली झाडे येत्या काही दशकांत पाण्यात पडून संपतील, आणि त्यानंतर तेवढ्या आकाराचे आणि तेवढे टिकाऊ लाकूड देणारे झाड काठावर नसेल. या जंगलावर असा घाव पूर्वीही पडला आहे. १९०४ मध्ये न्यू यॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयात लक्षात आलेल्या बुरशीने काही दशकांतच अमेरिकी चेस्टनटची प्रचंड झाडे जवळजवळ नाहीशी केली. चेस्टनटची पाने ओकच्या पानांपेक्षा लवकर कुजत, म्हणजे ओढ्यातल्या कीटकांना ती लवकर खाता येत. त्यांच्या जागी ओक आले तेव्हा कीटकांचे ताटच बदलले. त्याची तेव्हा कोणी फारशी नोंद ठेवली नाही. हेमलॉकच्या वेळी निदान मोजणारी माणसे काठावर उभी होती, एवढेच समाधान.

मामा एका लाकडी पुलावर थांबून चौफेर पाहत होते. "हिरवंगार तर आहे सगळं," ते म्हणाले. "मेलेली झाडं सांगितली नसतीस तर मला कळलंच नसतं, गो."

ते खरेच होते, आणि मला या सगळ्या प्रवासात तेच सर्वांत गंभीर वाटते. काठावर दाट हिरवाई होती, पण ती मुख्यतः ऱ्होडोडेंड्रॉनची. दक्षिण ॲपलॅचियनमध्ये हेमलॉक मेल्यावर खाली आधीच असलेली ही झुडपे मिळालेल्या उजेडात आणखी दाट होतात, आणि त्यांच्या गडद सावलीत नवी रोपे रुजू शकत नाहीत. त्यामुळे ओढ्यावर सावली टिकते, आणि इथल्या काही ओढ्यांत पाण्याचे तापमान अपेक्षेइतके वाढलेले दिसत नाही, हेही मोजमापांतून समोर आले आहे. पण ऱ्होडोडेंड्रॉनची पाने जाड आणि चिवट असतात. ती सावकाश कुजतात आणि कीटकांना त्यांच्यातून पोषण कमी मिळते. सावली आहे, अन्न नाही, आणि पुढच्या पिढीचे मोठे झाडही नाही.

मामांना लगेच घरचे आठवले. दोडामार्गात जंगल तोडून रबर आणि काजूच्या बागा झाल्या, त्यांच्या वाडीच्या वरचा डोंगर आजही लांबून हिरवाच दिसतो, पण खालचा व्हाळ पूर्वी मेपर्यंत टिकायचा तो आता फेब्रुवारीतच धोंड्यांमधून झिरपू लागतो, असे ते म्हणाले. तिथली कारणे वेगळी असणार आणि दोन्ही गोष्टी सरळ जोडता येणार नाहीत, हे त्यांनीच पुढे सांगितले. तरी डोंगर हिरवा आहे एवढ्यावर ओढ्याची प्रकृती ठरवता येत नाही, हे दोन्हीकडे सारखेच आहे.

उत्तरेकडे बदल अधिक उघडपणे दिसतो. पेनसिल्व्हेनिया आणि न्यू जर्सीच्या सीमेवरील डेलावेअर वॉटर गॅप परिसरात हेमलॉकच्या आणि पानझडी जंगलांच्या ओढ्यांची जोडीजोडीने तुलना झाली होती. हेमलॉकच्या सावलीतल्या ओढ्यांत पाण्यातील कीटक व इतर अपृष्ठवंशी जीवांचे प्रकार सरासरीने ३७ टक्के अधिक सापडले, तिथले तापमान कमी चढउताराचे होते आणि अवर्षणात ते ओढे आटण्याचे प्रमाणही कमी होते. तिथे हेमलॉकची जागा बहुतेक बर्च घेतो, आणि बर्चच्या फांद्या हिवाळ्यात उघड्या असतात.

व्यवहाराची एक गोष्ट : या वनात मोबाइलला रेंज नाही, पाण्याचा नळ असेल असे गृहीत धरू नये, आणि वाऱ्याच्या दिवशी जुन्या मेलेल्या झाडांखाली डबा उघडून बसू नये.

तिसरा दिवस : चेरोकी, न्यूफाउंड गॅप आणि कुवोही

चेरोकी हे ईस्टर्न बँड ऑफ चेरोकी इंडियन्स या जमातीचे गाव. सकाळी उद्यानाच्या ओकोनालुफ्टी केंद्राजवळच्या कुरणात एल्क ही मोठी हरणे चरत होती. २००१ पासून त्यांना इथे पुन्हा आणून सोडले आहे. त्यांच्यापासून निदान दीडशे फूट अंतर ठेवण्याचा नियम आहे आणि विणीच्या हंगामात तो जिवाशी संबंधित असतो.

गावातल्या एका छोट्या उपाहारगृहात मामींनी बीन ब्रेड खाल्ली. मक्याच्या पिठात घेवड्याचे शिजलेले, शेंगदाण्याएवढे दाणे घालून, पानात गुंडाळून उकडलेला हा पदार्थ आहे, आणि मामींनी पहिल्याच घासात त्यात ओले खोबरे हवे होते असा निर्णय दिला. वाढणाऱ्या बाईंना तो निर्णय आवडला. त्यांनी मामींना खोबऱ्याचे काय काय करता असे विचारले आणि दोघींचे बोलणे माझ्या मध्यस्थीने बराच वेळ चालले.

वर जाताना एका वळणावर ओढ्याकाठी एक वृद्ध मासेमार आपली काठी आवरत होते. त्यांना आमचे कुतूहल दिसले आणि ते स्वतःहून बोलू लागले. ब्रुक ट्राउट हा या उद्यानातला एकमेव मूळचा ट्राउट; इथले जुने लोक त्याला 'स्पेक' म्हणतात. पाठीवर नागमोडी रेघा, बाजूला निळ्या वलयातले तांबडे ठिपके, आणि परांच्या कडा पांढऱ्या. हा मासा गार आणि प्राणवायूने भरलेल्या पाण्याचा आहे. पाणी २० अंश सेल्सिअसच्या वर गेले की तो अडचणीत येतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची लाकूडतोड, पश्चिमेकडून आणून सोडलेला रेनबो ट्राउट आणि आम्लयुक्त पर्जन्य यांनी त्याला आधीच उंचावरच्या छोट्या ओढ्यांत रेटले आहे. आजोबा म्हणाले की त्यांच्या तरुणपणी हेमलॉकखाली शिरले की भर जुलैत अंगावर शहारा येई, आणि ते ज्या ओढ्यावर वडिलांबरोबर जात तिथे आता ऊन पाण्याच्या तळापर्यंत पोचते. तिथे स्पेक आहेत का, असे मी विचारले. "आहेत, पण आणखी वर जावं लागतं," ते म्हणाले. डोंगराला माथा असतो, आणि वर सरकायला जागा उरत नाही, हे त्यांनी वेगळे सांगायची गरज नव्हती.

न्यूफाउंड गॅप ही खिंड ५,०४६ फुटांवर आहे. तिथून सात मैलांचा फाटा कुवोहीला जातो, जे शिखर पूर्वी क्लिंगमन्स डोम या नावाने ओळखले जाई. २०२४ मध्ये त्याला त्याचे चेरोकी नाव परत मिळाले. उंची ६,६४३ फूट. शेवटचा अर्धा मैल खडा चढ आहे, मामी खालीच थांबल्या. माथ्यावर ढगांमध्ये फ्रेझर फरची वाळलेली, पांढुरकी खोडे उभी होती. त्यांचा मारेकरीही हेमलॉकच्या कीटकाचाच भाऊबंद. तो युरोपातून आला आणि कित्येक दशकांपूर्वी या शिखरांवर पोचला. मोठ्या झाडांखाली आता तरुण फर दाटीने वाढली आहेत, पण कीटक त्यांची साल जाड होण्याची वाट पाहतो, असे तिथल्या फलकावरून समजले. इतक्या उंचीवर ओढे उगम पावतात तिथेच वरचे झाड गेले तर खालच्या प्रत्येक टप्प्याला त्याची झळ लागते.

दुपारी तीनच्या सुमारास ढग फुटले. या डोंगरांत जूनमध्ये दुपारचा गडगडाटी पाऊस नेहमीचाच. माथ्यावरची भटकंती सकाळी उरकून घ्यावी. उतरताना रस्त्याकडेचा प्रत्येक ओहोळ फेसाळला होता. उद्यानात पेट्रोल पंप नाही, त्यामुळे चेरोकीतच टाकी भरावी. प्रवेशशुल्क नाही, परंतु पंधरा मिनिटांहून जास्त गाडी उभी करायची तर मार्च २०२३ पासून पार्किंग टॅग लागतो : दिवसाला ५ डॉलर, आठवड्याला १५, वर्षाला ४०. आठवड्याचा घेतलेला बरा.

चौथा दिवस : कॉस्बी

गॅटलिनबर्ग आम्ही मुक्कामापुरते वापरले. तिथून वीसेक मैलांवर असलेला कॉस्बीचा भाग उद्यानाच्या इतर भागांपेक्षा निवांत आहे. गेब्स माउंटन वाटेने हेन वॉलो धबधब्यापर्यंत जाऊन येणे साधारण साडेचार मैलांचे. वाट बहुतेक सगळी जंगलातून जाते आणि अनेक ठिकाणी छोटे ओहोळ ओलांडते.

इथे आम्हाला पहिल्यांदा जिवंत, गडद हिरवे, मोठे हेमलॉक दिसले. खालच्या फांद्या जमिनीला टेकलेल्या, सुयांच्या खालच्या बाजूला रुपेरी रेघा, आणि त्यांच्या खाली उतरलेला तो गारवा. मामांनी एक फांदी उलटी करून पाहिली, सुयांच्या बुडाशी पांढरे काही नव्हते. वाटेत भेटलेल्या उद्यानाच्या एका स्वयंसेविकेने त्याचे कारण सांगितले. या उद्यानात दोन लाखांहून अधिक हेमलॉकांवर औषधोपचार झाले आहेत. बहुतेक ठिकाणी बुंध्याभोवतीच्या मातीत औषध देतात आणि मुळे ते वर ओढतात. औषधाचे नाव ऐकताच मामा थबकले. इमिडाक्लोप्रिड. कोकणात हापूसच्या मोहरावर तुडतुड्यांसाठी फवारतात तेच.

"मग ते व्हाळात गेलं तर? हा तर किडे मारणारा," मामा म्हणाले.

मला त्यांचा प्रश्न अतिशय महत्त्वाचा वाटला, कारण ओढ्यातल्या कीटकांसाठी झाड वाचवायचे आणि त्याच औषधाने कीटक मारायचे, हा खराखुरा पेच आहे. स्वयंसेविकेने उत्तर टाळले नाही. हे औषध सेंद्रिय मातीला घट्ट चिकटते, म्हणून ते मातीत देतात, फवारत नाहीत. एकरी मात्रेवर मर्यादा असते. पाण्याच्या अगदी काठावरच्या झाडांना मातीऐवजी खोडात टोचून देतात. उपचार झालेल्या ओढ्यांची नंतर तपासणी झाली, तेव्हा अनेक ठिकाणी औषधाचे अंश सापडले, पण ते जलचर कीटकांसाठी ठरवलेल्या धोक्याच्या पातळीखाली होते. एकदा दिलेले औषध झाडाला साधारण पाच वर्षे तरी पुरते, मग पुन्हा यावे लागते. प्रत्येक झाडापर्यंत पोचणे अशक्य आहे, म्हणून निवडक वने राखली आहेत, आणि त्याबरोबर कीटकाचे नैसर्गिक शत्रू असलेले छोटे भुंगेरे सोडले जातात : एक जपानमधून आणलेला, दुसरा अमेरिकेच्याच वायव्येकडचा. भुंगेऱ्यांनी एकट्याने जंगल वाचवले असे अजून कोणी म्हणत नाही. झाडांना तोवर जिवंत ठेवणे हे औषधाचे काम आहे. माझे मत विचाराल तर, हातात दुसरे काही नसताना, इतक्या जपून दिलेले औषध योग्यच आहे. मामा मात्र शेवटपर्यंत पूर्ण राजी नव्हते, आणि त्यांनी आयुष्यात पाहिलेल्या फवारण्या आठवल्या तर त्यांचे बरोबर आहे.

धबधब्याच्या अलीकडे एका ओल्या ओंडक्याजवळ मामींना सॅलॅमँडर दिसला, बोटाएवढा, काळसर. या उद्यानात सॅलॅमँडरच्या तीस जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना फुप्फुसेच नाहीत. ते कातडीतून श्वास घेतात, त्यामुळे कातडी सतत ओली आणि हवा गार असावी लागते. छत उघडले, माती सुकली की त्यांचा श्वासच अडतो. आम्ही हात न लावता पाहिला, आणि तो ओंडक्याखाली गेल्यावर पुढे निघालो.

इथे एक विनंती, विशेषतः मुलांना घेऊन जाणाऱ्यांना. ओढ्यातले दगड रचून मनोरे किंवा बांध बनवू नका, उद्यानात त्याला बंदी आहे. दगडाखालीच सॅलॅमँडरची अंडी असतात, हेलबेंडर नावाचा दीड-दोन फुटी सॅलॅमँडर मोठ्या चपट्या दगडाखाली घर करतो, आणि कीटकांच्या अळ्या तर प्रत्येक दगडाला चिकटलेल्या असतात. दुसरे म्हणजे घरून सरपण नेऊ नका. उद्यानात फक्त उष्णतेने निर्जंतुक केलेले, प्रमाणित सरपणच चालते, कारण ॲश झाडे पोखरणारा हिरवा भुंगेरा सरपणातून पसरतो. २००२ मध्ये मिशिगनमध्ये तो प्रथम ओळखला गेला आणि आता या डोंगरांतली ॲशही मरू लागली आहेत. हेमलॉक गेलेल्या काठांवर काही ठिकाणी तीच उरली होती.

परतीचा दिवस

परतताना फारसे थांबलो नाही. कॅम्पग्राउंडच्या दुकानात मामांनी पाण्यातल्या कीटकांची ओळख करून देणारा घडीचा तक्ता घेतला आणि गाडीत मागच्या सीटवर बसून मामींना वाचून दाखवत राहिले. कोकणातही पाण्यातल्या दगडांना अशी घरे चिकटलेली असतात, हे मामींना लहानपणापासून ठाऊक होते. कपडे धुताना त्या बोटाने काढून टाकत, असे त्यांनी सांगितले.

कोणाला याच वाटेने जायचे असेल तर हंगामाबद्दल एक सूचना. ओढ्यातले अन्नचक्र पाहायचे असेल तर जूनपेक्षा ऑक्टोबरचा उत्तरार्ध आणि नोव्हेंबर चांगला, कारण पानगळ पाण्यात येते आणि दगडांमागे तिचे ढीग साचतात. त्याच वेळी ब्रुक ट्राउटही खडीत अंडी घालतात, म्हणून पाण्यात उतरून चालू नये. ऑक्टोबरात रंग पाहणाऱ्यांची गर्दी न्यूफाउंड गॅपच्या रस्त्यावर तासन्‌तास अडकते, तेव्हा पहाटे निघा किंवा सरळ कॉस्बीला जा. हिवाळ्यात पानझडी झाडे उघडी पडली की लांबूनही कळते कुठला हेमलॉक हिरवा आहे आणि कुठला नुसता उभा आहे. पण त्या महिन्यांत उंचावरचे रस्ते बर्फामुळे बंद असू शकतात, आणि कुवोहीचा फाटा तर डिसेंबर ते मार्च बंदच असतो.